प्रवेशाचा शिरस्ता : डेबियनचे सॉफ्टवेअर-भांडार

16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियन नामक लिनक्स वितरणाची घोषणा केली. तेव्हापासून जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी, कोणत्याही कंपनीची मालकी न पत्करता, त्याचा कारभार इतक्या सचोटीने चालविला आहे, की ऑगस्ट 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत पॅकेजांची संख्या 69 हजारांवर गेली. हा विस्तार स्पृहणीय खराच. पण भांडारात काय घ्यावे आणि काय नामंजूर करावे, याचा जो शिरस्ता या संस्थेने घालून दिला, तो मला त्याहून मोलाचा वाटतो.

या शिरस्त्याची सनद म्हणजे जुलै 1997 मध्ये, ब्रूस पेरेन्स यांच्या नेतृत्वकाळात, संमत झालेला ‘सामाजिक करार’ आणि त्याला जोडलेली मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे. मूळ सोर्स उपलब्ध असावा, त्यात बदल करण्याची व तो पुन्हा वाटण्याची मुभा असावी, व्यक्ती, समूह किंवा कार्यक्षेत्र यांवरून भेदभाव नसावा, आणि परवाना केवळ डेबियनपुरता दिलेला नसावा, ही त्यांतील प्रमुख कलमे. जे या कसोटीला उतरते ते ‘मेन’ विभागात, जे स्वतः मुक्त, पण अमुक्त सॉफ्टवेअरवर अवलंबून, ते ‘कॉन्ट्रिब’मध्ये, आणि जे वाटण्यास परवानगी असूनही कलमांत बसत नाही, ते ‘नॉन-फ्री’मध्ये. शेवटचे दोन विभाग वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी सांभाळले जातात, परंतु ते डेबियनचे अंग मानले जात नाहीत.

नवे पॅकेज आणू इच्छिणारा मेंटेनर प्रथम आपला इरादा जाहीरपणे नोंदवितो, म्हणजे एकाच कामावर दोघांचे श्रम खर्ची पडत नाहीत. पॅकेज तयार होऊन रुजू झाले, की ते ‘न्यू’ नावाच्या रांगेत थांबते, आणि एफटीपी-मास्टर म्हणून ओळखले जाणारे कारभारी त्याची छाननी करतात. ही छाननी केवळ वरवरची नसते. सोर्समधील कोणत्या फायलीचा स्वामित्वहक्क कोणाचा आणि ती कोणत्या परवान्याखाली दिली आहे, याचा तपशील ‘कॉपीराइट’ नावाच्या फायलीत द्यावा लागतो, आणि तो प्रत्यक्ष सोर्सशी पडताळून पाहिला जातो. मंजुरीनंतर पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये येते, गंभीर दोष न आढळल्यास काही दिवसांनी ‘टेस्टिंग’मध्ये जाते, आणि त्यातूनच पुढे ‘स्टेबल’ आवृत्ती सिद्ध होते.

कलमांचा कस किती काटेकोर आहे, हे जेसन (JSON) या माहिती-स्वरूपासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावरून दिसते. सॉफ्टवेअर सत्कर्मासाठी वापरावे, दुष्कर्मासाठी नव्हे, अशी अट त्यात होती. अट सद्हेतूची असली, तरी वापराच्या हेतूवर मर्यादा घालणारी म्हणून ती तत्त्वांत बसेना. आणि म्हणून पीएचपी भाषेतील जेसन वाचणारा भाग बाजूला काढून त्या जागी मुक्त परवान्याचा दुसरा भाग घेण्यात आला. सदिच्छेचीही गय न करणारा हा निर्णय मला न्याय्य वाटतो, कारण सत् आणि असत् ठरविण्याचा अधिकार एकदा परवाना देणाऱ्याच्या हाती गेला, की वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य त्याच्या मर्जीवर राहते.

मात्र ही सनद अपरिवर्तनीय नाही. अमुक्त फर्मवेअर, म्हणजे संगणकाचे सुटे भाग चालविणारे सॉफ्टवेअर, नसल्यास अनेक संगणकांवर वायफायसुद्धा चालेना, तेव्हा 2022 मध्ये सभासदांनी रीतसर मतदान करून, तिप्पट बहुमताची अट पाळून, सामाजिक करारातच दुरुस्ती केली, आणि असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यास मुभा दिली. गुपचूप अपवाद करण्याऐवजी नियमच उघडपणे बदलला, यातच संस्थेचा प्रामाणिकपणा दिसतो.

प्रवेश मिळाला म्हणजे जागा कायमची झाली, असेही नाही. गंभीर दोष दुरुस्त न झाल्यास पॅकेज ‘टेस्टिंग’मधून काढले जाते, सांभाळणारा न उरल्यास ते अनाथ म्हणून नोंदले जाते. देवनागरीचा लोहित फाँट आणि आस्पेल या शुद्धलेखन-तपासनिसाचा मराठी शब्दकोश या भांडारात आहेत, त्यांनाही हाच न्याय लागू आहे. मराठीसाठी साधने घडविणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे, की त्यांनी परवाना पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहावा, सोर्स खुला ठेवावा, आणि पॅकेज सांभाळण्याचे काम स्वतः पत्करावे किंवा ते पत्करणारा माणूस शोधावा.