जन्मतःच आरोपी!

प्रागच्या काफ्का या लेखकाची १९१९ साली प्रसिद्ध झालेली एक कथा आहे. एका बेटावर गुन्हेगारांची वसाहत. तेथे एक यंत्र कैद्याने मोडलेला हुकूम सुयांनी त्याच्याच अंगावर कोरते. शिक्षा काय, हे त्याला सांगत नाहीत. बचावाची संधीही देत नाहीत. तो अपराधी आहे, हे आधीच ठरलेले!

वाचक म्हणतील, ही कल्पना झाली. आम्ही म्हणतो, आपल्या देशात याचा कायदाच होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. येथे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा साहेबांचा हिशेब. हा हिशेब त्यांना शिकवला कोणी? आपल्याच जातिव्यवस्थेने! मग जमातच्या जमात नोंदवली गेली. बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, पासाशिवाय गाव सोडायची बंदी. मुलांना आईबापांपासून तोडायचीही कायद्यात सोय होती. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. माणसे गिरणीत राबायची आणि पुन्हा कुंपणात यायची.

१९४८ साली ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य आणि आदिवासींबरोबर या जमातींचाही प्रश्न मांडला. असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचे काय, हा त्यांचा सवाल होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशय मागल्या दाराने परतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगावे लागले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

आपल्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाज मोठ्या संख्येने जमतो. तोही राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. फासेपारध्यांचे बेडे तर आपल्या वऱ्हाडात जागोजाग. गावात चोरी झाली की बोट आधी कुणाकडे जाते?

माता-भगिनींनो, जन्मावरून ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी सोसले आहे. तेव्हा बेड्यावरचे पोर आपल्या पोराबरोबर घरी आले, तर डबे झाकू नका. त्याला आपल्या पोराच्या शेजारी पाट मांडा. तारेचे कुंपण सरकारने काढले. मनातले आपणच काढायचे आहे.