पाटीच्या आधी गप्पागोष्टी

आज आपण घरातल्या लहानग्यांच्या लिहिण्यावाचण्याविषयी बोलणार आहोत.

मागे आमच्या देवळाली प्रवरातल्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पोरगा दुसरीला गेला, अजून वाचता येत नाही. मी चौथी शिकलेली, मी काय शिकवणार?" त्या रोज संध्याकाळी त्याच्याकडून पाटीवर दहादा बाराखडी गिरवून घ्यायच्या. चुकलं की धपाटा. शेवटी दप्तर दिसलं की पोरगं पळायला लागलं. आम्हा बऱ्याच जणींना हे आपल्याच घरचं वाटलं.

तेव्हा आम्ही आधी हे समजून घेतलं, की मूल वाचायला शिकतं ते अगोदर कानानं. ज्या मुलाशी घरात भरपूर बोललं जातं, ज्याला गोष्टी सांगितल्या जातात, त्याच्याकडे शब्दांचा साठा असतो. पुस्तकात तोच शब्द भेटला की त्याला तो ओळखीचा वाटतो. भाकरी थापताना विचारा, "कणीस, कपाट, कमळ, यांत पहिला आवाज कोणता?" या खेळाला ना पैसा लागतो ना शिक्षण.

मग अक्षरं. सगळी बाराखडी पाठ झाल्यावरच वाचायचं, असं काही नाही. क, म, न ही तीन अक्षरं आणि एक काना घ्या. काका, मामा, कान, नाक, मान, मका, काम, एवढे शब्द तयार होतात! पहिल्याच आठवड्यात मुलाला अर्थ असलेला शब्द वाचता आला, की त्याची गोडी वाढते.

काही चुका मात्र चुका नसतात, त्या शिकण्याच्या पायऱ्या असतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत मुलं गोंधळतात, कारण ती दिसतातच सारखी. 'दिवा' म्हणताना आधी द येतो, पण लिहिलेलं बघावं तर वेलांटी द च्या आधी. मुलानं अडखळावं यात नवल काय? पाच-सहा वर्षांची मुलं अक्षर उलटंही काढतात. मारू नका, शेजारी बरोबर लिहून दाखवा. पेन्सिल धरण्याआधी बोटांत बळ यायला हवं. शेंगा फोडणं, कणकेचे गोळे करणं, रांगोळीचे ठिपके जोडणं ही त्याचीच तयारी. भिंतीवरच्या रेघोट्या हेही मुलाचं पहिलं लिहिणंच.

आई शिकलेली नसली तरी चालतं. चित्रं दाखवून "पुढं काय झालं?" विचारा. एसटीची पाटी, बियाण्याची पिशवी, गटाचं पासबुक मुलाकडून वाचून घ्या. शेजारी बसून ऐकणं हीच मोठी मदत.

एवढी घाई कशाला, असं वाटेल. पण तिसरी-चौथीनंतर गणित असो की परिसर अभ्यास, सगळं वाचूनच शिकायचं असतं. ज्याला वाचता येत नाही, ते मूल मागच्या बाकावर गप्प होतं. म्हणूनच २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं ध्येय ठेवलं आहे. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा तर दिवाळीनंतर तुटते. आपल्या शिवारात कोपी पडली असेल, तर गोष्ट सांगताना त्या मुलांनाही बोलवा.

पोर पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा हाक दिल्यावर वळत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, त्या कुठं जायचं ते सांगतील.

आपल्या नगरशी या विषयाचं जुनं नातं आहे. इथली सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या वाटेनं आलेलं अक्षर आज आपल्या ओसरीवर आहे.

त्या ताईंनी धपाटे बंद केले. आता रात्री जेवणं झाली की दोघं मायलेक दहा मिनिटं पुस्तक घेऊन बसतात. पोरगा अजून अडखळतो, पण पळत नाही. या आठवड्यात तुम्हीही रोज दहा मिनिटं काढून बघा, आणि पुढच्या बैठकीत सांगा.