डोलकाठीवरची केबल

दिव्याची वायर अपुरी पडली की वायरमन काय करतो ते तुम्ही पाहिले असेल. तो वायरीचा दुसरा तुकडा घेतो, दोन्हींची टोके सोलतो, तारेला तार पिळतो आणि वर टेप गुंडाळतो. दिवा पूर्वीसारखाच लागतो. मग दूरचित्रवाणीच्या अँटेनाची केबल अपुरी पडली, तर तीही अशीच पीळ देऊन लांबवता येईल का?

तसे केले तर चित्र बिघडते, कधी पार नाहीसे होते. तांबे तेच, हातही तोच, मग फरक कशाचा? फरक आहे लहरींच्या लांबीचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. तिची तरंगलांबी काढायची तर प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३,००,००० किलोमीटरला, ५० ने भागा. उत्तर येते ६,००० किलोमीटर! एवढ्या लांब लहरीच्या मानाने वायरमनचा सांधा म्हणजे काहीच नव्हे. आता ६०० मेगाहर्ट्झ वारंवारतेचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण घ्या. त्याची हवेतील तरंगलांबी अवघी ५० सेंटिमीटर. केबलमध्ये ती आणखी कमी होते. म्हणजे २० मीटर केबलमध्ये एका वेळी चाळीसहून अधिक लहरी मावतात. येथे चार-पाच सेंटिमीटरचा ओबडधोबड सांधाही लहरीला जाणवतो. ही केबल म्हणजे लहरींचा रस्ता आहे, आणि रस्त्याची रुंदी एका जागी बदलली की तेथे वाहतूक अडखळते.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासाठी आपण जरा अवघड जागा निवडू : शिडाच्या नौकेची डोलकाठी. अमेरिकेच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवर अशा नौका बाळगणारे पुष्कळ लोक आहेत. काही कुटुंबे तर महिनोन्‌महिने नौकेवरच राहतात, आणि त्यांच्या डोलकाठीच्या टोकाला दूरचित्रवाणीचा अँटेना असतो. तो उंचावर का? क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे असेल, तर उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणतात. डेकवर, पाण्यापासून २ मीटर उंचीवर, हे अंतर सुमारे ५ किलोमीटर येते. १५ मीटर उंच डोलकाठीच्या टोकावर ते सुमारे १४ किलोमीटर होते. प्रक्षेपण मनोऱ्याच्या उंचीचा फायदा यात वेगळा मिळवायचा.

पण समुद्रावर एक अडचण आहे. घराच्या छपरावरचा अनेक दांड्यांचा अँटेना केंद्राकडे तोंड करून घट्ट बसवता येतो. नौका मात्र नांगर टाकला तरी वाऱ्या-भरतीबरोबर फिरत राहते. म्हणून तेथे सर्व दिशांनी सारखेच ग्रहण करणारा, बहुधा थाळीसारखा चपटा अँटेना वापरतात. सर्वांकडे सारखे लक्ष देणारा कोणा एकाकडे विशेष लक्ष देऊ शकत नाही. त्यामुळे या अँटेनाला मिळणारा संदेश दुबळा असतो. तो केबलमध्ये वाया घालवणे परवडत नाही.

आता केबल कापून तिचा छेद पाहू. मध्ये तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरे पॉलिथीन, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण. आतली तार आणि जाळी यांचा अक्ष एकच असतो, म्हणून हिला समाक्ष केबल म्हणतात. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८८० साली या रचनेचे पेटंट घेतले होते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, त्यानंतरच्या काळात आपल्याकडे अनेक घरांवर दोन तारांची चपटी फीतही वापरली जाई. फितीतील लहरींचे क्षेत्र तारांच्या बाहेर पसरलेले असते. शेजारी धातू किंवा ओलावा आला की ते बिघडते. डोलकाठी बहुधा अॅल्युमिनियमची आणि खाऱ्या तुषारांनी ओली. तेथे फीत उपयोगाची नाही. समाक्ष केबलमध्ये क्षेत्र तार आणि जाळी यांच्यामध्येच कोंडलेले राहते, बाहेर काय आहे याची त्याला पर्वा नसते.

दूरचित्रवाणीच्या केबलवर '७५ ओहम' असे लिहिलेले असते. हा आकडा मीटर लावून मोजता येणारा तारेचा साधा रोध नव्हे. लहर केबलमधून धावत असताना व्होल्टेज आणि प्रवाह यांचे जे गुणोत्तर राखते, ते हे ७५. त्याला केबलचा इंपीडन्स म्हणतात. तो ठरतो दोनच गोष्टींवरून : जाळीचा व्यास आतल्या तारेच्या किती पट आहे, आणि मधला पदार्थ कोणता आहे. ठोस पॉलिथीन असेल तर व्यास सुमारे साडेसहा पट लागतो. फेसाळ पॉलिथीन असेल तर साडेचार पट पुरतो. केबल किती लांब आहे, याचा यात काही संबंध नाही.

इंपीडन्स अचानक बदलला की लहरीचा काही भाग मागे परततो. किती, ते काढणे सोपे आहे. समजा, ७५ ओहमच्या केबलला कोणी ५० ओहमची केबल जोडली. दोघांची वजाबाकी २५, बेरीज १२५; भागाकार ०.२. याचा वर्ग ०.०४. म्हणजे शंभरांतील ४ भाग शक्ती परतते. हे नुकसान फार नाही. पण पिळलेल्या सांध्यात आतली तार उघडी पडते, जाळीची शेपटी एका बाजूला लोंबते, आणि व्यासांचे गुणोत्तर असे काही उरतच नाही. शिवाय उघड्या भागातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. जुन्या अॅनालॉग पद्धतीत याने चित्रावर सावल्या आणि मुंग्या दिसत. अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी आणि ब्रिटनमधील २०१२ साली बंद झाले. अंकीय पद्धतीत चित्र आधी स्वच्छ असते. संदेश एका मर्यादेखाली गेला की ते गोठते आणि मग एकदम जाते.

सांधा उत्तम असला तरी लांबीची किंमत मोजावीच लागते. घराघरांत डिश किंवा केबल टीव्हीसाठी वापरतात तशा चांगल्या जाड केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे १७ डेसिबल घट होते. मग २० मीटरमध्ये ३.४ डेसिबल. ३ डेसिबल म्हणजे निम्मे, हे लक्षात ठेवा. डोलकाठीच्या टोकापासून केबिनपर्यंत येता येता निम्म्याहून अधिक शक्ती संपते! म्हणून विवर्धक खाली टीव्हीजवळ न लावता वर अँटेनापाशी लावतात. प्रत्येक विवर्धक स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतोच. दुबळा झालेला संदेश खाली वाढवला, तर त्याच्या मानाने हा गोंगाट मोठा ठरतो. आधी वाढवून मग पाठवला, तर केबलमधील घट सोसते. वरच्या विवर्धकाला लागणारी वीज, बहुधा १२ व्होल्टची, त्याच केबलमधून वर चढते आणि संदेश तिच्यातूनच खाली उतरतो.

येथे समुद्र आपला हात दाखवतो. ६०० मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या पोटातून वाहत नाही. तो पृष्ठभागालगतच्या सुमारे ३ सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या थरात वाहतो. खाऱ्या पाण्याने जाळी काळी पडली, की नेमका हाच थर खराब होतो. पाण्याचा विद्युत अपार्यता अंक सुमारे ८०, पॉलिथीनचा सव्वादोन. त्यामुळे सांध्यात पाणी शिरले की तेथला इंपीडन्स कोसळतो. आणि केबलमधून १२ व्होल्ट जात असतील, तर सांध्यात चक्क विद्युत अपघटन सुरू होते! धन टोकाचे तांबे विरघळत जाते, हिरवट क्षार साचतात आणि एक दिवस तार तुटते. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात पाहिलेली क्रिया येथे टेपखाली गुपचूप चालू असते.

मग केबल लांबवायची कशी? सांधा वर डोलकाठीत नको, खाली तिच्या पायथ्याशी, केबिनच्या आत कोरड्या जागी हवा. थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी डोलकाठी उतरवून ठेवतात, तेव्हा तेथे सोडवता येणारा सांधा असाही लागतोच. केबल काळी पडली असेल तर चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी. जोडायची केबल ७५ ओहमचीच घ्यावी. दोन्ही टोकांना आटे असलेले धातूचे कनेक्टर दाबून बसवावेत. जाळीचा एकही तंतू आतल्या तारेला टेकता कामा नये. मग दोन कनेक्टर दुतोंडी जोडाने जोडावेत. अशा सांध्यात तारेभोवती नळी, नळीच्या मध्यावर तार, ही रचना अखंड राहते.

सांधा उघड्यावर असेल, तर त्यावर ताणून गुंडाळताच एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी. कौले शाकारताना वळचणीपासून आढ्याकडे का जातात? वरचे कौल खालच्यावर यावे आणि पाणी ओघळून जावे म्हणून. टेपचेही तसेच. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते, आत जात नाही.

चित्र दिसले नाही तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण त्याच डोलकाठीवर बहुधा आणखी एक अँटेना असतो. तो नौकेच्या व्हीएचएफ रेडिओचा, ५० ओहमच्या केबलचा. १५६.८ मेगाहर्ट्झवरचा १६ क्रमांकाचा चॅनल संकटातल्या हाकेसाठी राखलेला आहे. हा रेडिओ फार तर २५ वॅट शक्ती देतो. बारीक केबल २० मीटर असेल तर सुमारे ४ डेसिबल घटून १० वॅटच वर पोहोचतात. त्यात कुजका सांधा असेल तर त्याहून कमी. बुडत्या नौकेची हाक किनाऱ्याला ऐकू जाईल की नाही, हे अशा वेळी अंगठ्याएवढ्या सांध्यावर अवलंबून असते.

तुम्हाला हे पडताळून पाहायचे आहे? टीव्हीच्या जुन्या, कोठेही न जोडलेल्या केबलचा तुकडा मिळवा. शिक्षकांच्या मदतीने छेद घ्या आणि व्हर्नियर कॅलिपरने आतल्या तारेचा व पांढऱ्या पॉलिथीनचा व्यास मोजा. गुणोत्तर साडेचारच्या आसपास आले, तर पॉलिथीन ठोस असेल की फेसाळ? नखाने दाबून उत्तराची खात्री करा. मात्र अँटेनासाठी गच्चीच्या कठड्यावर किंवा छपरावर कधीही चढू नका, आणि धातूची काठी विजेच्या तारांजवळ नेऊ नका.