बागेतील दिवे आणि माळ्याचे ओले हात

अमरावती-अकोल्याकडे पहिल्या पावसानंतर बंगल्यापुढची बाग हिरवी होते आणि उन्हाळाभर बंद राहिलेले दिवे पुन्हा लावण्याची घाई सुरू होते. चातुर्मासात पाहुण्यांची ये-जा वाढते; अंगण उजळलेले असावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. मात्र नेमक्या याच दिवसांत हे दिवे अधिक धोकादायक ठरतात.

याचे एक कारण आपल्या मातीत आहे. वऱ्हाडची काळी माती वैशाखात भेगाळते आणि पावसात फुगते. या हालचालीने जमिनीखालील वायर ताणली जाते, जोडावरची चिकटपट्टी सुटते आणि पाणी आत शिरते. मग दिव्याच्या लोखंडी खांबात वीज उतरते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

“आपल्याकडे एमसीबी आहे,” असे आपण म्हणतो. जरा हिशेब मांडू या. पुरवठा 230 व्होल्टचा. ओल्या शरीराचा रोध सुमारे 1000 ओहम धरला, तर शरीरातून 0.23 अँपिअर प्रवाह जाईल. तो प्राण घेऊ शकतो. परंतु 6 अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडत नाही. तिचे काम वायर वाचवण्याचे आहे. माणूस वाचवण्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. विजेची गळती होताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरील ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून ती पडते की नाही, हे पाहावे. जोडीला उत्तम अर्थिंगही हवेच.

दुरुस्तीच्या वेळी केवळ दिव्याच्या बटणावर विसंबू नये. फेज आणि न्यूट्रल उलट जोडले गेले असतील, तर बटण बंद असूनही दिव्यात वीज राहते. मेन स्विच बंद करावा, तेथे घरातील एकाला उभे करावे, चालू स्थितीतील टेस्टरने खात्री करावी. मगच जाणकार वायरमनने हात लावावा. वायरचे जोड मातीत न गाडता जमिनीच्या वर, जलरोधक डबीत असावेत. नवे दिवे घेताना 12 व्होल्टचे व किमान आयपी 65 दर्जाचे घ्यावेत. त्यांचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी बसवावा.

आपण हे दिवे ओसरीवर बसून पाहतो. त्या खांबांमधून पाण्याची नळी घेऊन अनवाणी फिरतो तो माळी. म्हणून बागेच्या खर्चाची यादी करताना पहिल्या ओळीवर आरसीसीबी लिहावी. शोभेचे दिवे त्यानंतर.