खिडकीबाहेरचे झाड आणि आईचा थकवा

दिवसभर राबून आलेली बाई घरात पाऊल टाकते आणि मुलाच्या साध्या हट्टावर कडाडते. शेजारी म्हणतात, हिचा स्वभावच तापट. हा स्वभाव की थकवा? अमेरिकेतील एका संशोधिकेला याचे उत्तर खिडकीबाहेर सापडले. आमच्या कष्टकरी भगिनींपर्यंत ते पोहोचावे म्हणून हा लेखनप्रपंच.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात हमरस्त्याला लागून 'रॉबर्ट टेलर होम्स' ही सरकारी वसाहत होती. १६ मजली २८ इमारती, १९६२ साली पूर्ण झालेल्या. राहणारे जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय आणि अत्यंत गरीब. रॉबर्ट टेलर हे तेथील गृहनिर्माण मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहावे अशा जागी घरे बांधा, हा त्यांचा आग्रह नगर कौन्सिलने मानला नाही, म्हणून १९५० मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे त्यांच्याच नावाने काळ्यांची वेगळी वसाहत उभी राहिली. केवढी ही विटंबना!

बांधताना प्रत्येक इमारतीभोवती झाडे व हिरवळ लावली होती. पुढे धूळ उडू नये, देखभालीचा खर्च वाचावा म्हणून बरीच जमीन फरसबंद केली. पुष्कळ झाडे मेली. काही इमारतींपुढे थोडी टिकली, काहींपुढे नुसती उजाड जमीन. काटकसरीची आठवण गरिबाच्या दारातच होते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

इलिनॉय विद्यापीठातील फ्रान्सिस कुओ व त्यांचे सहकारी विल्यम सुलिव्हन यांनी नेमका हाच फरक हेरला. शांत माणसेच झाडांच्या वस्तीत राहायला जातात, असा आक्षेप अशा अभ्यासावर नेहमी येतो. येथे तो टिकत नव्हता. कोणाला कोणत्या इमारतीत घर द्यायचे हे मंडळ ठरवी. गरिबाला निवड नव्हती. मिळकत, शिक्षण, मुलांची संख्या दोन्हीकडे साधारण सारखीच.

अशा १४५ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातली एक चाचणी अगदी साधी. आकडे सांगायचे, बाईने ते उलटे म्हणायचे. पाच-आठ-दोन, तर दोन-आठ-पाच. (रात्री भांडी घासून झाल्यावर सहा-सात आकडे उलटे म्हणून पाहा!) झाडांजवळच्या स्त्रियांना हे अधिक जमले. घरातील शिवीगाळ, मारहाण त्यांनी कमी सांगितली. आपल्या अडचणीतून वाट निघेल असेही त्यांना अधिक वाटे. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

कारण मिशिगन विद्यापीठातील स्टीफन व रेचल कॅप्लन या दांपत्याने आधीच मांडले होते. मन लावून काम करायला, पैन्‌पैचा हिशेब ठेवायला लागणारी लक्ष देण्याची शक्ती वापराने थकते. ती थकली की राग गिळणेही जमत नाही. हलत्या पानांकडे पाहायला मात्र कष्ट नाहीत. लक्ष आपोआप जाते, आणि तेवढ्यात थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो. कुओ यांच्या आकडेवारीतही संताप कमी होण्याची वाट या विसाव्यातूनच जात होती.

२००२ साली त्याच वसाहतीतील १६९ मुलामुलींचा अभ्यास आला. खिडकीतून हिरवे दिसणाऱ्या मुलींचे लक्ष अधिक टिके, मोह अधिक आवरे. मुलग्यांत फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तो लपवलाही नाही. मुलगे घरापासून दूर खेळतात, असा त्यांचा तर्क. आम्हाला तो पटतो. मुलीच्या वाट्याला खिडकीच येते.

झाडांआड चोर लपतात, अशी एक जुनी भीती आहे. शिकागोच्याच आयडा बी. वेल्स वसाहतीतील ९८ इमारतींच्या पोलीस नोंदी तपासल्या, तर उलटेच निघाले. भरपूर झाडीच्या इमारतींजवळ उजाड इमारतींच्या मानाने गुन्हे ५२ टक्के कमी. झाडे मात्र उंच खोडाची, खाली मोकळी हवीत. दाट झुडपे नव्हेत. सावलीत माणसे बसतात आणि येणारा-जाणारा त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

टेलर होम्सच्या रहिवाशांना तेथील अंगणाची चित्रे दाखवली होती. कुठे झाडे नाहीत, कुठे तुरळक, कुठे भरपूर. झाडे जितकी जास्त, तितकी पसंती जास्त. तेथे अधिक सुरक्षित वाटेल, असे त्यांनी सांगितले. हा अभ्यास १९९८ साली छापून आला. वसाहतीची शेवटची इमारत २००७ साली पाडली गेली.