घराची दुरुस्ती आणि दिवसांचे गणित

आंबिया बहराच्या संत्र्यांचे पैसे हाती आले, की नरखेड तालुक्यातील अनेक घरांत दुरुस्तीचे बेत सुरू होतात. जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंती ठेवायच्या, कवेलू उतरवून नवे छप्पर घालायचे आणि मागच्या बाजूला विटांचे स्वयंपाकघर व न्हाणी बांधून त्यांवर स्लॅब टाकायचा. किती दिवस लागतील, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘दोनाचे चार गवंडी लावू, निम्म्या वेळात होईल.’ हे गणित बरोबर आहे का, ते आपण पाहू.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. कोरड्या मातीच्या भिंतीत कणांच्या सांध्यांवर थोडे पाणी असते. पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरते. भिंत पूर्ण भिजली, की ही ओढ नाहीशी होते आणि भिंत बसते. म्हणजे छप्पर उतरवलेल्या घरावर पाऊस आला, तर घरच धोक्यात येते. ३० जुलै १९९१ रोजी याच तालुक्यातील मोवाड येथे वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. तो महापूर होता, साधा पाऊस नव्हे. पण पाण्याचा धाक या भागाला नव्याने सांगावा लागत नाही.

आता कामांची यादी करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

जुने घर : छप्पर उतरवणे ४ दिवस, भिंतींची दुरुस्ती १०, भिंती सुकणे १५, नवे छप्पर ८, लिंपण व चुना ६. एकूण ४३ दिवस.

मागची बाजू : पाया १०, विटांच्या भिंती १०, सेंट्रिंग, सळया व स्लॅब ५, स्लॅबवर पाणी मारणे व टेकू ठेवणे १४, गिलावा ८, गिलाव्यावर पाणी मारणे ७. एकूण ५४ दिवस.

दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. ती संपल्यावर सर्व घराची फरशी ८ दिवस आणि रंग ५ दिवस. म्हणून संपूर्ण कामाला ५४ + ८ + ५ = ६७ दिवस लागतील. ही सर्वांत लांब साखळी म्हणजे ‘निर्णायक मार्ग’. मोठ्या कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्ती आखण्यासाठी अमेरिकेत १९५७ साली मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ही पद्धत विकसित केली. घराच्या कामालाही ती तितकीच लागू पडते.

आता गवंडी दुप्पट करू. मातीच्या भिंतींची दुरुस्ती, पाया, विटकाम, गिलावा आणि फरशी यांचे दिवस निम्मे झाले असे धरू. जुन्या घराची साखळी ३८ दिवसांची, मागची ४० दिवसांची आणि एकूण काम ४० + ४ + ५ = ४९ दिवसांचे होते. मजुरी दुप्पट वेगाने खर्च झाली, पण वेळ निम्मा झाला नाही. कारण त्या ४९ पैकी २१ दिवस पाणी मारण्याचे आणि थांबण्याचे आहेत. सिमेंट ‘वाळून’ घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. चार गवंडी आणल्याने ही क्रिया लवकर होत नाही.

या गणिताचा दुसरा फायदाही आहे. मूळ आराखड्यात जुन्या घराच्या साखळीला ५४ − ४३ = ११ दिवसांची सवड आहे. ती कधी वापरायची? आमच्या मते छप्पर उतरवण्याआधी. लाकूड, कवेलू आणि सुतार यांची सोय झाल्याशिवाय जुने छप्पर हलवू नये. तेवढ्या दिवसांत मागचा पाया सुरू करता येतो. सवड आधी खर्च केली तर काही बिघडत नाही. भिंती उघड्या पडल्यावर खर्च केली तर घराचा जीव टांगणीला लागतो.

सुरुवात केव्हा करावी? मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. तेथून ६७ दिवस मागे मोजले तर १ एप्रिल येते; पण त्या वेळी विहिरी खोल गेलेल्या असतात आणि स्लॅबला पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न पडतो. अडचणींसाठी पंचमांश, म्हणजे १३ दिवस जास्त धरून १५ जानेवारीला सुरुवात केली, तर ८० दिवसांत, ४ एप्रिलपर्यंत काम आटोपते. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस व गारपीट लक्षात घेऊन ताडपत्री मात्र आधीच आणून ठेवावी.

वर्गात हा प्रयोग करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वा शाळेतील एखाद्या दुरुस्तीची कामे लिहावीत, कोणते काम कोणत्या कामानंतरच होऊ शकते हे बाणांनी दाखवावे आणि सर्वांत लांब साखळी शोधावी. मग प्रश्न विचारावा : यातील कोणते दिवस पैशाने कमी होतात आणि कोणते होत नाहीत?