धान्य वगळलेले अन्न आणि कुत्र्याचे हृदय

डायलेटेड कार्डिओमायोपथी हा कुत्र्यांच्या हृदयस्नायूचा विकार आहे. पशुवैद्य त्याला थोडक्यात ‘डीसीएम’ म्हणतात. यात हृदयाचे कप्पे, मुख्यतः डावा खालचा कप्पा, ताणून मोठे होतात आणि आकुंचनाचा जोर घटतो. कुत्रा लवकर दमतो, खोकतो, कधी चक्कर येऊन कोसळतो. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड या जातींत विकार आनुवंशिक असतो. मात्र गोल्डन रिट्रीव्हर आणि संकरित कुत्र्यांतही तो आढळू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या पशुवैद्यांचे लक्ष त्यांच्या खाण्याकडे गेले.

जुलै २०१८मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. एप्रिल २०१९ अखेरपर्यंत ५१५ आजारी कुत्र्यांच्या नोंदी जमल्या होत्या. त्यांना दिल्या जाणाऱ्या उत्पादनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेन-फ्री’ होती. गहू, मका, तांदूळ काढून त्या जागी बहुधा वाटाणा, मसूर किंवा बटाटा घातलेला होता. अशा नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे एफडीएनेही स्पष्ट केले आहे. दोष नेमका कोणत्या घटकाचा, यावर अजून एकमत नाही.

संशय प्रथम टॉरिनवर गेला, आणि त्याला कारण होते. हृदयस्नायूला लागणारे हे अमिनो आम्ल मांसमच्छीत मिळते. मांजराच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही. आहारातल्या टॉरिनच्या अभावाने मांजरांना डीसीएम होतो आणि टॉरिन दिल्यावर तो बरा होऊ शकतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७मध्ये दाखवले. कुत्रा मेथिओनिन आणि सिस्टिनपासून टॉरिन स्वतः बनवतो. तरीही गोल्डन रिट्रीव्हर आणि अमेरिकन कॉकर स्पॅनिएल यांच्यात त्याची कमतरता आढळली आहे. कोडे इथेच अडते, कारण आजारी पडलेल्या अनेक कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन व्यवस्थित होते.

मुळात धान्य कुत्र्याला पचत नाही, ही समजूतच निराधार आहे. माणसाच्या सहवासात आलेल्या कुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, असे २०१३च्या संशोधनात दिसले. धान्याची खरी ॲलर्जी असलेले कुत्रे थोडे. तेव्हा पिशवीवरची जाहिरात वाचून धान्य बंद करण्यात काहीच शहाणपण नाही. याचा अर्थ घरच्या वरणभाताला घाबरावे असाही नाही. पण केवळ वरणभातावर किंवा दूधपोळीवर कुत्र्याचे पोषण पूर्ण होत नाही.

माणसाच्या हृदयाचे सगळे नियम इथे लागू पडत नाहीत. रक्तवाहिन्यांत चरबी साचून येणारा झटका कुत्र्यांत दुर्मीळ आहे. तूपतेलाने मात्र वजन वाढते आणि आधीच अशक्त हृदयावर भार येतो. हृदय निकामी होऊ लागलेल्या कुत्र्याला पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ बाधते, कारण त्याने शरीरात पाणी साठते. चॉकलेट तर निरोगी कुत्र्यालाही वर्ज्य. त्यातल्या थिओब्रोमिनमुळे हृदयाची लय बिघडते.

आहाराशी निगडित डीसीएम वेळीच ओळखला, तर औषधोपचारांसोबत अन्न बदलल्यावर अनेक कुत्र्यांचे हृदय सुधारते. आनुवंशिक प्रकारात अशी आशा फारशी नसते. म्हणून निदान होताच कुत्रा काय खातो, खाऊ आणि पूरक गोळ्यांसकट, हे पशुवैद्याला सविस्तर सांगणे फार महत्त्वाचे ठरते. सुधारणेला बहुधा काही महिने लागतात. ती इकोकार्डिओग्राफी पुन्हा करून पाहतात. घरी मोजायचा तो श्वास: गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त वेळा छाती हलत असेल, तर तपासणी लांबवू नये.